फिनलंडमधला पहिला उन्हाळा: मुलांना घेऊन नाशिकला जावं की इथेच राहावं?

कोवळे ऊन

नमस्कार मंडळी,

आम्ही जानेवारीच्या सुरुवातीला हेलसिंकीला आलो. नवऱ्याची नोकरी सॉफ्टवेअरमधली, मी सध्या फिन्निशच्या वर्गाला जाते. मुलगी सहा वर्षांची, ऑगस्टमध्ये पहिलीत जाईल. मुलगा तीन वर्षांचा. राहायला वुओसारीत, म्हणजे मेट्रोच्या पूर्वेकडच्या टोकाला.

प्रश्न असा की जूनच्या सुरुवातीला मुलांना सुट्टी लागते ती थेट ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. आई रोज फोनवर विचारते, "तिकिटं काढली का?" नवरा म्हणतो, जुलैत चार आठवडे रजा घेऊ आणि सगळेच जाऊ. पण शेजारच्या आजी आणि वर्गातल्या बाई दोघींचं म्हणणं एकच: हिवाळा सोसला आणि उन्हाळ्यात निघून चाललात?

त्यांना विचारलं की उन्हाळ्यात तुम्ही नेमकं करता काय, तर उत्तर येतं, "म्योक्कीवर जातो." तळ्याकाठचं सुट्टीतलं घर. आमच्याकडे म्योक्की नाही, गाडी नाही, ओळखीही अजून फारशा नाहीत. दोन लहान मुलं घेऊन दोन महिने मी इथे काय करू? जे राहिले त्यांनी सांगावं, जे गेले त्यांनीही सांगावं.

---

हिशेबी

ताई, तिकिटं काढण्याआधी रजेचा हिशेब करा. इथे रजा साठते ती 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षाची. नोकरीला वर्ष झालेलं नसेल तर दर पूर्ण महिन्याला 2 दिवस, वर्ष झाल्यावर अडीच. यजमान जानेवारीत रुजू झाले असतील तर मार्चअखेर तीन महिने, म्हणजे 6 दिवस. त्यात शनिवारही रजेचा दिवस म्हणून मोजला जातो, म्हणजे झाला एक आठवडा. बाकीची रजा बिनपगारी, तीही साहेबाशी बोलून ठरवावी लागेल.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र जास्त रजा मिळेल. 2 मे ते 30 सप्टेंबर हा उन्हाळी रजेचा काळ, त्यात 24 दिवसांपर्यंतची रजा कायद्यानेच मिळते. शिवाय बहुतेक क्षेत्रांतल्या सामूहिक करारांप्रमाणे रजेच्या पगारावर निम्मी रक्कम वर मिळते.

---

कोवळे ऊन

बाप रे! सहा दिवस? आज संध्याकाळी घरी हीच चर्चा. धन्यवाद, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे आता प्रश्न बदलला: मी एकटीने मुलांना घेऊन जावं का, असा.

---

औलूकर

राहा. डोळे मिटून राहा.

मी मोबाइल फोनच्या भरभराटीच्या काळात इकडे आलो. सुरुवातीची कित्येक वर्षं आम्ही शाळा सुटली की पुण्याला आणि शाळा भरायच्या आदल्या दिवशी परत. त्यामुळे माझ्या मुलांना हा देश माहीत झाला तो अंधाराचा, बर्फाचा आणि जाड कपड्यांचा. वर्गातली मुलं ऑगस्टमध्ये तळ्यातल्या पोहण्याच्या, मासे धरण्याच्या गोष्टी सांगायची आणि आमची दोघं ऐकत बसायची. मुलीने पुढे एकदा स्पष्ट विचारलं, आपण इथे फक्त थंडीत का राहतो? त्यानंतर आम्ही भारतात डिसेंबरात जायला लागलो. पुण्यात तेव्हा हवा छान असते, लग्नंही असतात, आणि इथला सर्वांत काळोखा महिना टळतो.

तुमची मुलगी पहिलीत जाणार आहे. जूनमध्ये ती अंगणात ज्या मुलांशी खेळेल, त्यातली दोन तरी ऑगस्टमध्ये वर्गात असतील. भाषेसाठी याहून चांगला वर्ग नाही.

---

सातारचे आजोबा

औलूकरांचं म्हणणं ऐकलं. आता दुसरी बाजू.

माझा मुलगा, सून आणि नातू एस्पोला असतात. पहिल्या उन्हाळ्यात तेही आले नाहीत. आम्ही दोघांनी आंबे आणले, आढी घातली आणि मग ते शेजाऱ्यांना वाटले. तक्रार म्हणून सांगत नाही. पण "डिसेंबरात जाऊ" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की आमच्या वयाला सहा महिने हा मोठा काळ असतो. ही माझ्याहून थोरली. तिचे गुडघे गेल्या वर्षी चालत होते, यंदा नाहीत.

मुलीने आईला "येत नाही" असं सांगायच्या आधी "तू ये" असं म्हणून पाहावं. मी दोनदा उन्हाळ्यात तिकडे येऊन राहिलो आहे. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, आणि निदान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. मुलाने आमंत्रणपत्र पाठवलं होतं. अर्ज मात्र लवकर करावा.

---

रानभाजी

आजोबा, आंब्यांचं वाचून गलबलून आलं. तुमच्याशी पूर्ण सहमत.

---

निळी सायकल

मी य्युवास्क्युलाला पीएचडी करते, लग्न-मुलं नाहीत, त्यामुळे माझा अनुभव वेगळा. पण एक गोष्ट कुणी तरी सांगायलाच हवी: इथला जुलै एकटेपणाचा असतो. विभागात दिवे बंद, ईमेलला "ऑगस्टमध्ये भेटू" असं उत्तर, आवडतं उपाहारगृह बंद. भाषेचे कॅफेही बरेचसे सुट्टीवर. भर उजेडात रिकामं शहर अंगावर येतं. हिवाळ्याबद्दल सगळे सावध करतात, जुलैबद्दल कुणी नाही.

युहानुसला, म्हणजे जूनमधल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाला, तर शहरात चिटपाखरू नसतं. तो 20 ते 26 जूनच्या मध्ये येणाऱ्या शनिवारी असतो आणि खरा सण आदल्या शुक्रवारी. दुकानांच्या आणि बसच्या वेळा बदलतात, दूध-भाजी गुरुवारीच आणून ठेवा.

म्हणून कोवळे ऊन, राहायचं ठरवलंत तर आमंत्रणाची वाट बघू नका. इथली माणसं प्रेमळ आहेत, पण सुट्टीत ती आपल्या माणसांत असतात. आपण आपलं निघायचं.

---

औलूकर

@निळी सायकल, एकदम पटलं. आम्हाला पहिलं म्योक्कीचं आमंत्रण यायला बराच काळ लागला. पण आलं तेव्हा मनापासून आलं. कुणी बोलावलंच तर विचारून घ्या: पाणी नळाचं आहे की विहिरीचं, पांघरुणं न्यायची का, जेवणात काय आणू. संडास बऱ्याचदा बाहेर, लाकडी खोपटात असतो. सरपण फोडायला हात लावा, यजमानाला त्याहून मोठा आनंद नाही.

---

तळ्यातली म्हैस

सरपण फोडलं, सौना (वाफेच्या स्नानाची खोली) तापवली, तळ्यात उडी मारली, बाहेर आलो आणि तिथल्या आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारून सॉसेज पुढे केलं. शाकाहारी आहे म्हटल्यावर त्यांनी अत्यंत गंभीरपणे काकडी भाजून दिली. दोस्ती पक्की! 😄

---

कोवळे ऊन

म्हैसराव, काकडी! 😂

सौनाचंच विचारायचं होतं. वर्गातल्या बाईंनी बोलावलंय, पण तिथे कपडे न घालता बसतात म्हणून संकोच वाटतो.

---

मोरपीस

मी तांपेरेला असते. संकोच अगदी रास्त आहे, "मला पोहण्याच्या कपड्यात यायला आवडेल" असं सांगितलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. घरच्या सौनात बायका आणि पुरुष सहसा वेगवेगळ्या वेळी जातात. सार्वजनिक ठिकाणी हवं असेल तर आमच्या राउहानिएमीला या: नेसिय्यार्वी तळ्याच्या काठी, बायका-पुरुष एकत्र आणि सगळे पोहण्याच्या कपड्यात. सौनात बसल्या बसल्या लोक जितकं बोलतात तितकं मी त्यांना बसमध्ये कधी बोलताना पाहिलं नाही. माझं फिन्निश तिथेच सुधारलं.

---

धाकटी पाती

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे: दोन मुलं घेऊन दिवसभर काय करायचं? मी हेलसिंकीतच दोन मुलांना वाढवलं, गाडीशिवाय.

सकाळी नगरपालिकेच्या खेळाच्या बागेत जा, लेइक्कीपुइस्तो म्हणतात तिला. वुओसारीत नक्की आहे. तिथे कर्मचारी असतात, खेळणी असतात, लहानांना डुंबायला उथळ हौदही काही बागांत असतात. आणि उन्हाळ्यात कामाच्या दिवशी दुपारी 16 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला फुकट गरम जेवण मिळतं. वाटी आणि चमचा घरून न्यायचा. ही पद्धत 1942 पासून, म्हणजे युद्धकाळापासून चालू आहे. नाव नोंदवायचं नाही, कागद दाखवायचा नाही. पहिल्यांदा रांगेत उभी राहिले तेव्हा मला वाटलं, आपल्याला कुणी विचारेल की तुम्ही कुठले? कुणी विचारलं नाही. मुलाच्या वाटीत सूप वाढलं आणि पुढची वाटी घेतली. या शहरात आपण पाहुणे नाही असं मला त्या रांगेत वाटलं, आणि आजही मी त्यासाठी या शहराची ऋणी आहे. (शाकाहारी असाल तर त्या दिवशी काय आहे ते आधी विचारा.)

दुपारी औरिन्कोलाहतीचा किनारा तुमच्या घराजवळच आहे, वाळू छान, पाणी उथळ. थोडं पलीकडे उतेलाचं रान. मुलांना पोहायला शिकवाच. नगरपालिकेचे उन्हाळी वर्ग असतात, पण लवकर भरतात. सुओमेनलिन्नाचा सागरी किल्लाही चुकवू नका. 1748 साली बांधायला घेतलेला आणि जागतिक वारशाच्या यादीतला हा किल्ला, पण तिथली फेरीबोट शहराच्या बसच्याच तिकिटावर चालते.

---

तुर्कूची नर्स

पाणी आणि रान आलं म्हणून तब्येतीचंही सांगते.

गोचीड (इथे पुंक्की) हा गंमतीचा विषय नाही. ती चावल्याने दोन आजार होऊ शकतात. एक मेंदूचा दाह, त्यावर लस आहे: पहिल्या दोन मात्रांमध्ये एक ते तीन महिन्यांचं अंतर, तिसरी त्यानंतर वर्षभरात. लस वसंतातच सुरू करावी. दुसरा बोरेलिया, त्यावर लस नाही पण प्रतिजैविकांनी बरा होतो. रोज संध्याकाळी मुलांच्या काखा, कानामागे, गुडघ्यांमागे, केसांच्या कडेला बघा. दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, तूप, हळद काही लावू नका. पुढच्या आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरकडे जा.

पाण्यावर हिरवट साय दिसली तर मुलांना उतरवू नका, ते निळं-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं. काठीने ढवळून बघा: शेवाळ असेल तर ते विरतं, काठीला धाग्यासारखं लोंबत नाही.

फोनमध्ये "112 सुओमी" हे ॲप घाला. रानातून त्यावरून फोन केलात तर तुमचा ठावठिकाणा आपोआप कळतो.

---

निळी सायकल

आणि काळे पडदे! हेलसिंकीत जूनअखेर सूर्य पावणेअकराच्या पुढे मावळतो आणि चारच्या आधी उगवतो, मधल्या वेळातही पूर्ण अंधार पडत नाही. मुलं झोपायचं नाव काढत नाहीत.

---

रानभाजी

आता माझा लाडका विषय. 🌿

मी एस्पोला भाड्याच्या वाफ्यावर भाजी करते. नगरपालिका उन्हाळ्यापुरते असे वाफे देते. मेथी, कोथिंबीर, मुळा झकास येतात. फक्त पालक आणि कोथिंबीर भर जूनमध्ये पेरू नका, दिवस इतका लांब असतो की पानं धरायच्या आधीच फुलोरा येतो. एकदा मेअखेर, मग जुलैअखेर. जूनच्या सुरुवातीलाही रात्री हिव पडू शकतं, रोपांवर कापड ठेवा.

आणि रापारपेरी! लाल देठाची ही आंबट भाजी मे-जूनमध्ये शेजारी पिशव्या भरभरून देतात. लोक तिचा केक करतात. मी मेथांबा करते. मेथीदाणे, गूळ, लाल तिखट, कैरीच्या जागी देठ. कैरीपेक्षा लवकर शिजते, म्हणून गूळ आधी विरघळवून घ्या. आमटीतही आमसुलाऐवजी छान लागते. पानं मात्र फेकून द्या, ती विषारी असतात.

---

सातारचे आजोबा

सूनबाईंनी तो मेथांबा मला खाऊ घातला होता. दोन पोळ्या जास्त गेल्या.

बाजारात मटार आणि बटाटे लिटरच्या मापाने मोजून देतात, ते पाहून ही हरखली होती, आमच्या लहानपणी धान्य पायलीनेच मोजत. शेंगा घ्यायच्या आणि तिथेच बाकावर बसून सोलून खायच्या. गोडी अशी की उकडायची गरज नाही.

---

काटेकोर

बेरी वेचण्याबद्दल कुणी लिहिलं नाही? जंगल खासगी मालकीचं असलं तरी रानबेरी आणि अळंबी वेचायचा हक्क इथे सर्वांना आहे, परदेशी माणसालाही. वेचलेलं विकलं तरी त्या उत्पन्नावर कर नाही. मुस्तिक्का, म्हणजे रानातली ब्लूबेरी, जुलैच्या उत्तरार्धापासून. लाल पुओलुक्का सप्टेंबरात.

मर्यादाही आहेत. कुणाच्या अंगणात शिरायचं नाही, झाडं तोडायची नाहीत, मालकाच्या परवानगीशिवाय उघड्यावर आग पेटवायची नाही. वणव्याचा इशारा लागू असेल तर ठरवून दिलेल्या उघड्या शेकोटीच्या जागीही नाही. अळंबी ज्ञानी माणसाशिवाय वेचू नका. इथे जीवघेण्या जाती आहेत आणि त्या खाण्याच्या अळंबीबरोबर एकाच रानात उगवतात.

---

तळ्यातली म्हैस

हक्क सर्वांना आहे, पण चांगली जागा कुणी सांगत नाही. माझा सहकारी पगार सांगेल, पण त्याच्या पिवळ्या अळंबीची जागा सांगणार नाही. 😀

---

भक्तीरंग

जरा वेगळा प्रश्न. आम्ही औलूलाच आहोत. मी संकष्टी करते. जून-जुलैत चंद्रोदयाचं काय करायचं? गेल्या खेपेला मध्यरात्र उलटून गेली तरी दिसेना.

---

औलूकर

दिसणार नाहीच. उन्हाळ्यात सूर्य आकाशात वर असतो, तेव्हा पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र त्याच्या उलट बाजूला, क्षितिजाच्या अगदी जवळून जातो. चंद्राच्या मार्गाचं सुमारे साडेअठरा वर्षांचं एक चक्र आहे, 2025च्या सुमारास ते टोकाला होतं. तेव्हा जूनची पौर्णिमा हेलसिंकीत जेमतेम क्षितिजावर आली आणि इकडे उत्तरेला आमच्या औलूत चंद्र उगवलाच नाही. चतुर्थीचा येतो, पण फार उशिरा.

आमच्याकडे ही पुण्याच्या चंद्रोदयाची वेळ धरते आणि बाप्पाला नैवेद्य दाखवून जेवते.

---

भक्तीरंग

गणपती समजून घेईल. आता पुण्याचीच वेळ. खूप आभार.

---

पाऊसवेडा

मला मात्र राहा-राहा म्हणणाऱ्यांचं पटत नाही. मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असतो, इथेही सगळं असंच. पण माझ्या मुलांनी आषाढातला कोकणातला पाऊस पाहिलाय, आजोबांबरोबर लावणीच्या चिखलात उभी राहिलीत, चुलत भावंडांशी मराठीत भांडलीत. ते डिसेंबरात कसं मिळणार? ऊन इथे दर वर्षी येतं. आमचे आजोबा मात्र गेले, आणि त्या उन्हाळ्यांमुळेच ते मुलांना आठवतात.

---

धाकटी पाती

पाऊसवेडा, तुमचं खोडून काढता येणार नाही. मराठीचा मुद्दा तर मला रोज टोचतो. पण कोवळे ऊनचा हा पहिला उन्हाळा आहे, तिचा नवरा इथे एकटा राहणार आणि मुलीची शाळा सुरू होणार. दर वर्षीचा नियम एक आणि पहिल्या वर्षाची गरज वेगळी. आमच्याकडे आता एक उन्हाळा इथे, एक उन्हाळा कोल्हापूरला असं चालतं. दोन्हीकडची माणसं रुसतात, पण वाट बघतात.

---

हिशेबी

थोडं व्यवहाराचं. राहणार असाल तर टेबलफॅन आत्ताच घ्या. इथे 25 अंशांवर "उष्मा" म्हणतात, नाशिककरांना हसू येईल. पण घरं उष्णता धरून ठेवायला बांधलेली, एसी नाही, सूर्य रात्री उशिरापर्यंत मावळत नाही. 2025च्या जुलैत देशात कुठे ना कुठे सलग 22 दिवस पारा 30च्या वर गेला होता, तेव्हा दुकानांत पंखा मिळत नव्हता. सरकारी कामं, दातांचा डॉक्टर वगैरेही जूनच्या मध्याआधी उरका.

---

कोवळे ऊन

सगळ्यांचं सगळं वाचलं, काही उत्तरं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. सातारच्या आजोबांचं आणि पाऊसवेडा यांचं वाचताना रडू आलं, खोटं कशाला सांगू.

ठरलं ते असं. यंदा आम्ही जात नाही. आईबाबांना बोलावतोय, आमंत्रणपत्र काल लिहिलं, विम्याची चौकशी चालू आहे. व्हिसा वेळेत झाला तर जुलैच्या सुरुवातीला येतील. बाबांना गावाकडे करवंदं वेचायची सवय, बेरीचं ऐकून ते आत्ताच उत्साहात आहेत. आईचा पहिला प्रश्न होता, तिथे वरईचे तांदूळ मिळतात का, आषाढी तिकडेच येईल. पुढच्या उन्हाळ्यात रजा साठलेली असेल, तेव्हा आम्ही सगळे नाशिकला, पावसात.

लेइक्कीपुइस्तोत जाऊन आले. तिथल्या बाईंनी मुलीचं नाव विचारून बरोबर उच्चारलं.

आता एकच: बाबांना तीनचार तास चालवत नाही. वुओसारीहून मेट्रो-बसने जाता येईल अशी बेरीची सोपी जागा कुणी सांगेल का?

---

तळ्यातली म्हैस

जागा?! सांगितलं ना, कुणी सांगत नाही! 😄

---

धाकटी पाती

मी सांगते. उतेलापासूनच सुरू करा, वाटा सपाट आहेत. निसर्ग राखीव भागाच्या पाट्या मात्र वाचा. जुलैचा शेवटचा आठवडा धर, बाबांना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायमोजे घाल. वरईचे तांदूळ आईंनाच आणायला सांग. निघायच्या आदल्या दिवशी मला निरोप कर, मीही मुलांना घेऊन येते. डबा मी आणते, बादल्या तू आण.